शहजादी जास्मिन आणि सातवीचा वर्ग

लहान मुलांना कोणता चित्रपट दाखवावा आणि कोणता दाखवू नये, यावर बोलणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. पालक बोलतात, आम्ही शिक्षक बोलतो, असरच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर बसणारे बुजुर्ग बोलतात. ज्यांच्यासाठी ही सगळी फिकीर चालते त्या मुलांना मात्र कुणी विचारीत नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत दहा-अकरा वर्षे शिकवूनही मी कधी विचारले नव्हते. विचारण्याची वेळ आली ती एका तक्रारीमुळे, आणि ती तक्रार माझ्याविरुद्ध होती.

वार्षिक परीक्षा संपून निकाल लागेपर्यंतचे जे आठ-दहा दिवस असतात ते आम्हा शिक्षकांना फार जड जातात. मुले येतात, शिकवायला काही उरलेले नसते. अशाच एका शुक्रवारी, मिरजेत मी शिकवते त्या शाळेत, सातवीच्या वर्गाला मी डिस्नेचा ‘अलादीन’ दाखवला. १९९२ सालचा, कार्टूनचा, हिंदीत बोलणारा. जुम्म्यामुळे शाळा लवकर सुटते, म्हणून अर्धा त्या दिवशी आणि उरलेला शनिवारी असे ठरले. शनिवारी परिपाठाच्या आधीच एक पालक ऑफिसात येऊन बसले होते. भला माणूस, आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, "टीचर, त्या शहजादीचे कपडे तुम्ही पाहिलेत का? माझी मुलगी बारा वर्षांची आहे."

मला उत्तर देता आले नाही, कारण कपडे मी पाहिले होते. जास्मिनचा तो पोट उघडे टाकणारा पोशाख ना बगदादचा आहे, ना दमास्कसचा, ना आपल्या आग्रा-दिल्लीचा. पूर्वेकडचा जनानखाना कसा असेल याची जी कल्पना हॉलीवुड वर्षानुवर्षे करीत आले, त्या कल्पनेच्या शिंप्याने तो शिवलेला आहे. पुढे तर जाफर वजीर तिला लाल कपड्यांत साखळी बांधून आपल्या सेवेला उभी करतो, आणि त्याचे लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी ती त्याचे चुंबनही घेते. तेव्हा त्या पालकांची तक्रार मी आजही निराधार मानत नाही. मुख्याध्यापक व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "उरलेला दाखवून टाका, पण नंतर मुलांकडून काहीतरी लिहून घ्या. म्हणजे उपक्रम म्हणून नोंद करता येईल."

म्हणून चित्रपट संपल्यावर मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: ही फिल्म तुम्ही तुमच्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला दाखवाल का, आणि का? मुद्दाम धाकट्या भावंडाबद्दल विचारले. स्वतःबद्दल विचारले असते तर सगळ्यांनी ‘हो’ लिहून पेन खाली ठेवले असते. धाकट्याची जबाबदारी अंगावर आली की बारा वर्षांचे मूलही पालक होते.

त्या वह्या मी सुट्टीत घरी आणल्या आणि वाचताना पुन्हापुन्हा थांबले. कपड्यांबद्दल दोघातिघांनीच लिहिले होते, आणि त्यातली दोन वाक्ये तर सरळ घरच्या मोठ्या माणसांची होती, हे अक्षरावरूनही नव्हे, भाषेवरूनच कळत होते. तिसरीने मात्र स्वतःचे लिहिले होते: रात्रीच्या वेळी गालीच्यावर बसून इतक्या उंच फिरते, तिला थंडी वाजत नाही का? एका मुलाने लिहिले की धाकट्या भावाला मुळीच दाखवणार नाही, कारण वाळूतून वाघाचे तोंड वर येते आणि शेवटी जाफरचा नाग होतो, आणि ‘वो रात कू बिस्तर गीला करता’. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९३७ साली डिस्नेची पहिली राजकन्या, ‘स्नो व्हाइट’, पडद्यावर आली. पुढच्या वर्षी ती इंग्लंडात गेली तेव्हा तिथल्या परीक्षण मंडळाने तिला ‘ए’ प्रमाणपत्र दिले. म्हणजे मुलांनी एकटे जायचे नाही, मोठे माणूस बरोबर हवे. आपल्या सेन्सॉर बोर्डानेही २०२४ सालापासून सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या केल्या आहेत. माझ्या विद्यार्थ्याने ही पायरी गादीवरून ठरवली, एवढाच फरक.

पण माझ्या मनाला लागल्या त्या तीन गोष्टी वेगळ्याच होत्या.

पहिली गोष्ट पाट्यांची. चित्रपटात अगराबा नावाचे एक काल्पनिक शहर आहे. सुरुवातीला ते बगदादच असणार होते. आखाती युद्धामुळे नाव बदलले असे सांगतात. त्याच्या बाजारात दुकानांवर पाट्या आहेत, उजवीकडून डावीकडे लिहिल्यासारख्या. चित्रपट चालू असतानाच मागच्या बाकावरून आवाज आला होता, "टीचर, रोको ना. क्या लिखेला है वो?" मी थांबवले. उर्दू शाळेतल्या मुलांना अक्षर दिसले की वाचल्याशिवाय राहवत नाही. बाहेर सगळीकडे मराठी आणि इंग्रजी पाट्या, त्यामुळे आपली लिपी कुठे दिसली की त्यांना नातेवाईक भेटल्यासारखे होते. दहा-बारा मुले पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. एकाला वाटले ‘लाम’ आहे, दुसऱ्याला वाटले ‘काफ’. नुक्ते कुठेच जागेवर नव्हते. शेवटी निकाल लागला, "ये उर्दू नै है. अरबी बी नै है. कुछ बी नै है." आणि ते खरेच आहे. त्या पाट्या म्हणजे नुसत्या वेलांट्या आहेत. अमेरिकेतल्या अरब लोकांनी त्या वेळीच ही तक्रार केली होती. ज्या स्टुडिओने अलादीनचा चेहरा टॉम क्रूझवर बेतण्याची मेहनत घेतली, त्याला एखाद्या अरबी जाणणाऱ्या माणसाकडून ‘नान’ आणि ‘फळे’ हे दोन शब्द लिहून घेणे जमले नाही. एका मुलीने वहीत लिहिले होते: छोट्या बहिणीला दाखवणार नाही, ती आत्ताच अक्षरे शिकते आहे, चुकीची शिकेल. इतका सरळ आक्षेप मी कोणत्याही समीक्षकाच्या लेखात वाचलेला नाही.

माझे माहेर साताऱ्याचे. मे महिन्यात गेले तेव्हा भावाच्या मुलीला घेऊन हाच चित्रपट पुन्हा पाहिला. ती इंग्रजी शाळेत चौथीला. दप्तरावर एल्साचे चित्र, गाणी सगळी पाठ. बाजाराचे दृश्य आले तसे मी थांबवून विचारले, "इथे काय लिहिलंय?" ती म्हणाली, "फुप्पी, कुछ लिखेला नै है, वो तो डिझाइन है." मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. ज्याला ती लिपी येते त्याला तिथे फसवणूक दिसते, ज्याला येत नाही त्याला नक्षी दिसते, आणि जगातल्या बहुतेक मुलांनी हा चित्रपट नक्षी म्हणूनच पाहिला. २०१५ साली अमेरिकेतल्या एका जनमत चाचणीत रिपब्लिकन मतदारांना विचारले होते की अगराबावर बाँब टाकावेत का. तीस टक्के लोक ‘हो’ म्हणाले. शहर अस्तित्वातच नाही हे त्यांच्या ध्यानात आले नाही. नक्षी इथपर्यंत पोहोचते.

दुसरी गोष्ट सफरचंदाची. महालाची भिंत ओलांडून जास्मिन बाजारात येते. एका भुकेल्या पोराला गाड्यावरचे सफरचंद उचलून देते. पैसे द्यायचे असतात हे तिला ठाऊक नाही, कारण तिने कधी काही विकत घेतलेलेच नाही. दुकानदार तिचा हात धरतो आणि तो तोडायला तलवार उचलतो. माझ्या वर्गात एका फळवाल्याचा मुलगा आहे. मिरज स्टेशनच्या बाजूला त्याच्या वडिलांचा हातगाडा असतो, सुट्टीत हाही उभा राहतो. तो मनापासून संतापला होता. त्याने लिहिले की कोणताही फळवाला असे करीत नाही. त्याचे अब्बा संध्याकाळी दबका माल पोरांना तसाच देतात, आणि एखाद्याने पळवले तर चार शिव्या देतात, मग विसरतात. "एक सेब के वास्ते हात कौन काटता? धंदा कौन करेगा फिर?" हात तोडणे, कान कापणे, हे अरबांच्या मुलखात रोजचेच, असे या चित्रपटाला वाटते. सुरुवातीच्या गाण्यात तर तसे म्हटलेच होते. अमेरिकेतल्या अरब संघटनेने निषेध केल्यावर १९९३ साली घरी पाहायच्या व्हिडिओत कान कापण्याची ओळ बदलली, पण त्या मुलखाला रानटी म्हणणारा शब्द तसाच ठेवला. तो शब्द जायला २०१९ चा, माणसांना घेऊन केलेला ‘अलादीन’ यावा लागला. एका शब्दाला सव्वीस वर्षे. मोठ्यांचे लक्ष त्या गाण्याकडे गेले. मिरजेच्या मुलाचे लक्ष गाड्याकडे गेले, कारण त्याच्या घरची चूल त्या गाड्यावर पेटते. त्याला त्यात धर्माचा अपमान दिसला नाही, धंद्याचा दिसला. आणि मला वाटते त्याचाच मुद्दा जास्त पक्का आहे.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ‘अलिफ लैला’तली म्हणून जी अलादीनची गोष्ट आपण आपली समजतो, तिचे कोणतेही जुने अरबी हस्तलिखित नाही. हलब म्हणजे अलेप्पोचा हन्ना दियाब नावाचा एक ख्रिस्ती अरब तरुण पॅरिसला गेला होता. त्याने १७०९ साली ती गालां या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितली आणि गालांने आपल्या पुस्तकात घातली. त्या गोष्टीतला अलादीन चीनमधला, शिंप्याचा मुलगा. शहजादीचे नाव बद्रुल बुदूर. आमच्या मुलांना हे नाव ठाऊक असते, आणि ‘जास्मिन’ ऐकून ती गोंधळतात. त्या जुन्या गोष्टीत जादूगाराच्या पेयात भुकटी मिसळून त्याला आडवा करण्याचे काम खुद्द बद्रुल बुदूर करते. चित्रपटात मात्र आमची तेज, वाघ पाळणारी, बापाशी वाद घालणारी जास्मिन ऐन लढाईच्या वेळी वाळूच्या घड्याळात कोंडली जाते, आणि लढतो अलादीन. तीनशे वर्षांत शहजादी पुढे आली की मागे गेली, याचा विचार ज्याने त्याने करावा. २०१६ साली कार्मेन फॉट आणि कॅरेन आयझेनहॉवर या दोन भाषाभ्यासक बाईंनी डिस्नेच्या राजकन्यांच्या चित्रपटांतले संवाद मोजले. ‘अलादीन’मधले नव्वद टक्के बोलणे पुरुषांच्या तोंडी निघाले. राजकन्येच्या चित्रपटात राजकन्या धरून सगळ्या बायकांना मिळून उरले दहा टक्के. जास्मिनला आई नाही, बहीण नाही, मैत्रीण नाही, दाई नाही. आमच्या घरांत बायकांच्या आवाजाखाली पुरुषांना बोलायला जागा मिळत नाही, त्या मानाने हा महाल फारच मुका आहे.

आता तिसरी गोष्ट. जास्मिनला पुढच्या वाढदिवसाच्या आत एखाद्या राजपुत्राशी लग्न करणे कायद्याने भाग आहे, आणि वाढदिवसाला तीन दिवस उरले आहेत. चित्रपटाची सगळी धावाधाव या मुदतीवर चालते. मोठ्यांपैकी कुणी, त्या पालकांनी नाही, मुख्याध्यापकांनी नाही, मीही नाही, याला मुलांसाठी अयोग्य म्हटले नव्हते. परीकथेत असे असतेच, म्हणून आपण पुढे जातो. आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथे ‘सीता स्वयंवर’ केले आणि मराठी नाटकाचा तो आरंभ मानतात. म्हणजे आपल्या रंगभूमीची पहिली नायिकाही राजकन्याच, आणि तिच्या लग्नाचा पण तिच्या वडिलांनी लावलेला. गोष्ट सगळीकडे हीच आहे.

पण एका वहीत, तिसऱ्या की चौथ्या ओळीत, हिरव्या शाईने लिहिलेले होते: "तीन दिन बहुत कम हैं। मेरी बाजी को एक महीना मिला था।"

मी ती वही मिटून ठेवली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्या मुलीला सहज विचारल्यासारखे विचारले. बाजी बारावी पास, अठरा पूर्ण. कायद्याच्या दृष्टीने काही चूक नाही. मुलगा चांगला, कुपवाडला कारखान्यात नोकरीला. बाजीला डी. फार्मसीचा फॉर्म भरायचा होता, तेवढे राहिले. मारझोड नाही, जबरदस्ती नाही, घरचे प्रेमळ. कुणी तिला विचारले नाही, एवढेच. आणि हे फक्त आपल्याच समाजात आहे असेही नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आमच्या भागात येणाऱ्या मुलींना तर अठराही पूर्ण करू दिली जात नाहीत. आपल्या निकाहात मुलीची रजामंदी लागते. वकील आणि गवाह आत जाऊन तिला विचारतात, तिने ‘कबूल’ म्हटल्याशिवाय पुढे काही होत नाही. इतका स्वच्छ हक्क आपल्याकडे लिहून ठेवलेला आहे. पण तो प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचतो केव्हा? पत्रिका वाटून झालेल्या, हॉल भरलेला, बिर्याणीच्या डेगा उतरलेल्या. त्या क्षणी कोणती मुलगी ‘नाही’ म्हणेल? जास्मिनला निदान वाघ होता.

शेवटी सुलतान कायदा बदलतो आणि म्हणतो, शहजादीने तिला योग्य वाटेल त्याच्याशी लग्न करावे. मोठ्यांना हा शेवट गोड वाटतो. माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले की कायदा बदलणे सुलतानाच्याच हातात होते, तर त्याने तो पहिल्याच दिवशी का नाही बदलला? मी म्हटले, "मग फिल्म पाच मिनिटांत संपली असती." वर्ग हसला. पण माझे उत्तर चुकीचे होते हे मला तेव्हाच कळले. मुलगा फिल्मबद्दल विचारत नव्हता.

मुलींसाठी योग्य काय, हा वाद उर्दूत तरी जुनाच आहे. डिप्टी नजीर अहमद यांना आपल्या मुलींना वाचायला द्यावे असे पुस्तक दिसेना, म्हणून त्यांनी स्वतः ‘मिरातुल उरूस’ लिहिले. ते १८६९ साली छापले गेले आणि घरोघर गेले. पुढे ‘बहिश्ती जेवर’मध्ये मौलाना अशरफ अली थानवींनी मुलींच्या हाती काय देऊ नये याची यादी केली. तिच्यात ‘अलिफ लैला’ होतीच, पण या डिप्टीसाहेबांच्या पुस्तकांवरही बोट ठेवले होते. दोन्ही माणसे मुलींच्या भल्याचाच विचार करीत होती. मुलींनी ती दोन्ही पुस्तके वाचली. माझ्या नानीच्या ट्रंकेत ती एकमेकांना टेकून होती.

मग ‘अलादीन’ दाखवावा की नाही? मला विचाराल तर हा चित्रपट बनवणाऱ्यांचा हात गोड आहे आणि नजर आळशी आहे. जिन्न अप्रतिम, गालीचा तर एक शब्द न बोलता सगळ्यांत जिवंत. पण ज्या मुलखाची ही गोष्ट, त्या मुलखाकडे पाहण्याचे कष्ट त्यांनी घेतलेले नाहीत. एकट्या मुलाला मोबाइलवर लावून देऊन स्वयंपाकाला लागावे असा हा चित्रपट नाही. वर्गात, थांबवत थांबवत दाखवण्यासारखा मात्र नक्की आहे. कपड्यांची काळजी मी खोटी म्हणत नाही. तिचा एक तोटा तेवढा आहे, ती काळजी केली की मोठ्यांना आपले काम झाल्यासारखे वाटते.

ते पालक जूनमध्ये पुन्हा आले, मुलीचा बोनाफाईड दाखला न्यायला. मी त्यांच्या हातात तिची वही दिली. पाट्यांचा आक्षेप लिहिणारी मुलगी त्यांचीच. त्यांनी उभ्यानेच वाचले, मग खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचले. म्हणाले, "खरंच वाचता येत नाहीत?" मी संगणक खोलीचे कुलूप काढले आणि बाजाराचे दृश्य लावून थांबवले. ते पडद्याजवळ गेले. उजव्या बाजूच्या पहिल्या पाटीपासून, ओठ हलवत, एकेका अक्षराखाली बोट फिरवत, सगळ्या पाट्या पाहून झाल्या.

"नाही," ते म्हणाले. "पुढचं लावा. पुढच्या गल्लीत बघू."